शुद्धिपत्रक

कार्डावर छापलंय: आरोग्य-धोरण वकिली.
त्यातलं 'वकिली' तेवढं वाचून
पहिल्या वर्षी पाच-सहा जण सातबारा घेऊन दारात,
एक बाई नवऱ्याचे कागद घेऊन.
चहा दिला, खऱ्या वकिलाचा पत्ता दिला.

माझं अशील म्हणजे एक जुवा.
खाडीच्या मधोमध, त्रेचाळीस घरं, माड,
एक क्रूस, एक देवचाराची घुमटी,
आणि सुकतीला दोन्ही अंगांनी उघडा पडणारा चिखल
ज्यात होडी चालत नाही
आणि माणूसही.

मागणी साधी:
स्ट्रेचर मावेल अशी एक यांत्रिक होडी, रात्रीला एक तांडेल.
सोळा वर्षांपूर्वी लिहिली तेव्हा पहिलं वाक्य होतं
रोझालीन मेंडिस, वय बावीस, पहिलटकरीण,
सुकती रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
पाणी यायला सहा वाजले असते.
रोझालीन थांबली नाही.

ओरोसच्या तिरोडकर हेडक्लार्कनी चष्मा पुसला,
ती ओळ खोडली.
"नाव घातलंत की तक्रार होते, बाई.
आकडा घाला. मागणी होते."
वाईट नव्हता माणूस.
शुक्रवारी पत्र द्यायचं नाही,
मार्चच्या वीस तारखेनंतर कोणत्या टेबलावर पैसे उरतात,
'विनंती' कुठे, 'निदर्शनास आणून' कुठे,
सगळं त्यांनीच शिकवलं.
त्या दिवशी रोझालीन झाली
एक (१).

मंत्रालयात कक्ष अधिकारी बुलढाण्याचा, तरुण, नम्र.
मनापासून म्हणाला,
"रुग्णांनी भरतीच्या वेळीच निघावं, असं नाही का करता येणार?"
मी हसले नाही.
समुद्र निघून जातो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.
पुढच्या खेपेला परिशिष्ट 'क' जोडलं:
वर्षभराचं भरती-सुकतीचं कोष्टक,
शेजारी लाल पेनाने जुव्यावरच्या बाळंतपणांच्या वेळा.
तो बराच वेळ बघत राहिला.
"मॅडम, हे रोज पन्नास मिनिटं पुढे सरकतं?"
हो, म्हटलं. फाइलीपेक्षा बरंच जास्त.

मध्ये तीन मंत्री बदलले.
जुव्यावरची पोरं म्हणाली, हायवे अडवू या.
मी म्हटलं थांबा, टिप्पणी वर गेलीय, आता बिघडवू नका.
थांबले बिचारे.
त्या थांबण्यात एका चतुर्थीला, भर दुपारी,
बस्त्याव छातीला हात लावून ओटीवर बसला
आणि समोर नुसता चिखल.
त्याला दोन (२) लिहिताना
पेन कुठेही अडखळलं नाही.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

शासन निर्णय आला गेल्या महिन्यात.
होडी मंजूर. एक नग. प्राप्त.
जेटीला निळ्या ताडपत्रीखाली बांधलेली.
पद मंजूर: वाहनचालक (हलके वाहन).
तक्त्यात तांडेल नावाचा रकाना नाही.
लवू कुबल, उभा जन्म या पाण्यात,
रात्री उठून फुकटच नेतो ती.
"माका गाडी खंय येता गो? माका खाडी येता."
मग ताडपत्री सोडता सोडता,
"तुजा काम नेमका काय, ता तरी सांग एकदा."
मी दोरी धरून उभी राहिले.
सांगता आलं नाही.

तिरोडकर कधीच निवृत्त झाले.
नव्या मुलीने शिक्का मारला, आवक क्रमांक दिला,
मसुदा मी घरूनच नेला होता:
'वाहनचालक' ऐवजी 'तांडेल' असे वाचावे.

स्थळप्रत घेऊन आले.
जेवण झाल्यावर तिच्या पाठीवर पेन्सिलीने
'एक' ऐवजी रोझालीन असे वाचावे.
'दोन' ऐवजी

सुकती आज पहाटे तीनला.
पलीकडे वाड्यात एकीचे दिवस भरलेत.
लवूला फोन करून ठेवलाय.